वडिलांच्या रेकॉर्डसाठी टर्नटेबल कोणतं घ्यावं?

प्रश्न: माझ्या वडिलांच्या रेकॉर्डची मोठी ट्रंक सांगलीच्या घरी आहे. नाट्यसंगीत, अभंग, शास्त्रीय गाणं, थोडी हिंदी चित्रपटगीतं. २०१९ च्या पुरात खालच्या मजल्यावर पाणी शिरलं तेव्हा काही रेकॉर्ड भिजल्या, बाकीच्या माडीवर नेल्या म्हणून वाचल्या. प्लेअर मात्र गेला. आता आईसाठी सगळं पुन्हा सुरू करावं असं मनात आहे. ३५ हजारांपर्यंत खर्च करू शकते. मॉलमध्ये सूटकेससारखा, आतच स्पीकर असलेला प्लेअर पाहिला. त्यावर ३३, ४५ आणि ७८ असे तिन्ही वेग आहेत आणि किंमतही कमी आहे. न्यू जर्सीचा चुलतभाऊ त्याचं जुनं टर्नटेबल पाठवायला तयार आहे. घरात एक ब्लूटूथ स्पीकर आहे, तो चालेल का? मुलगा म्हणतो, गाणी सगळी मोबाइलवर मिळतात, पैसे कशाला घालवतेस. काय करू?

— एक वाचक, सांगली

उत्तर:

ताई, दुकानात जाण्याआधी ट्रंक उघडा आणि रेकॉर्डचे दोन ढीग करा. तुमच्या बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं या दोन ढिगांवर अवलंबून आहेत.

एका ढिगात लाखेच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाच्या रेकॉर्ड ठेवा. त्या बहुतेक १० इंची असतात, हातात जड लागतात, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं एकच गाणं असतं आणि खाचा नुसत्या डोळ्यांना दिसतील इतक्या रुंद असतात. हातातून पडली की ती फुटतेच, म्हणून गादीवर बसून निवडा. दुसऱ्या ढिगात व्हिनाइलच्या. १२ इंची एलपी आणि ७ इंची लहान तबकड्या. लहान तबकडी म्हणजे ४५ चा वेग असं गृहीत धरू नका. आपल्याकडे ७ इंची आकारात ३३ च्या वेगाच्या रेकॉर्डही निघाल्या आहेत, तेव्हा लेबलावरचा आकडा वाचा. सांगलीसारख्या नाटकवेड्या गावातली ट्रंक, त्यात नाट्यसंगीत, म्हणजे लाखेचा ढीग बऱ्यापैकी निघेल असा माझा अंदाज आहे. पाश्चात्त्य देशांत ७८ च्या रेकॉर्ड १९६० च्या सुमारास संपल्या, आपल्याकडे त्या त्यानंतरही काही वर्षं निघत होत्या.

हे दोन ढीग वेगळे का, ते सांगते. फरक नुसता वेगाचा नाही. एलपीच्या खाचेसाठी सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचं लागतं. लाखेच्या रेकॉर्डला त्याच्या तिप्पट-चौपट जाड, ६५ ते ७५ मायक्रॉनचं. एलपीची बारीक सुई ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या भिंतींना न टेकता तळाशी घसरत जाते. तिथे वर्षानुवर्षांची धूळ आणि पोलादी सुयांनी केलेला चुरा साचलेला असतो. मग गाणं दूर कुठेतरी आणि खरखर मात्र कानाशी. मॉलमधल्या त्या सूटकेसवर ७८ लिहिलंय ते खरं आहे, पण त्यातली सुई एकच आहे आणि ती एलपीची आहे. थाळी त्या वेगाने फिरेल एवढाच त्याचा अर्थ.

तो सूटकेस प्लेअर घेऊ नका, असं मी स्पष्टच म्हणेन. त्यात सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या थरथरीचा विद्युत संकेत करणारा भाग) असतं आणि त्याची सुई रेकॉर्डवर ५ ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त दाब देते. बऱ्या टर्नटेबलचा दाब २ ते ३ ग्रॅम असतो. एकदा वाजवल्याने रेकॉर्ड लगेच खराब होते असं नाही, तशी भीती घालणारे लोक अतिशयोक्ती करतात. पण दाब जास्त, वजन कमी-जास्त करण्याची सोय नाही, थाळी रेकॉर्डपेक्षा लहान आणि स्पीकर त्याच खोक्यात. स्पीकरची थरथर सुईपर्यंत पोहोचते, आवाज वाढवला की सुई उडते, आणि मंद्र सप्तक ऐकूच येत नाही. वडिलांनी जपलेल्या, पुन्हा न मिळणाऱ्या रेकॉर्डवर हा प्रयोग करायचं कारण नाही.

चुलतभावाचं मन मोडू नका, पण त्याला आधी एक गोष्ट तपासायला सांगा. अमेरिकेत वीज ११० ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर मिळतो, हर्ट्झचं तो काही करू शकत नाही. जुन्या बऱ्याच टर्नटेबलांची मोटर विजेच्या या हर्ट्झवरच आपला वेग धरते. तसं यंत्र इथे लावलं तर ३३ च्या जागी मिनिटाला जेमतेम २८ फेरे होतील. काळी एकमध्ये गाणारे बुवा खालच्या काळी पाचच्याही किंचित खाली उतरतील आणि लयही रेंगाळेल. तुमच्या आईला पहिल्या आलापातच ते कळेल. त्याच्या टर्नटेबलला बाहेरून अ‍ॅडॉप्टर लागत असेल आणि त्यावर १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असेल, तर खुशाल मागवा. वायर थेट यंत्रात जात असेल तर ते तिथेच राहू द्या.

आता काय घ्यायचं ते. एलपीच्या ढिगासाठी माझी शिफारस ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी६०एक्स या टर्नटेबलची. ते पूर्ण ऑटोमॅटिक आहे. बटण दाबलं की सुई धरणारा आर्म आपणहून उठतो, रेकॉर्डच्या कडेला अलगद उतरतो आणि बाजू संपली की परत जागेवर जातो. संगीताच्या शौकिनांपैकी बरेच जण ऑटोमॅटिकला कमी लेखतात. मला ते पटत नाही. हे यंत्र तुमची आई वापरणार आहे. वयोमानाने हात थरथरत असतील, तर सुई हाताने ठेवणं म्हणजे रेकॉर्डवर ओरखडा आणि मनाला टोचणी. आईने एकटीने, कुणाला हाक न मारता रेकॉर्ड लावावी, यासाठी हीच सोय सगळ्यात मोलाची आहे. या टर्नटेबलवर ३३ आणि ४५ हे दोनच वेग आहेत. वेगाचं बटण वेगळं आणि ७ की १२ इंच ते ठरवायचं बटण वेगळं, त्यामुळे ३३ च्या लहान तबकड्याही नीट वाजतात. सुई बदलता येते, पूर्ण कार्ट्रिज बदलता येत नाही. पुढे-मागे हौस वाढली तर ही मर्यादा जाणवेल, पण तो निर्णय तेव्हाचा तेव्हा. सोनीचं पीएस-एलएक्स३१०बीटी हेही याच जातीचं ऑटोमॅटिक टर्नटेबल आहे, जवळच्या दुकानात ते बऱ्या भावात मिळालं तर तेही चांगलं.

रेगा, प्रो-जेक्ट ही नावं कुणी सुचवेल. यंत्रं उत्तम आहेत, माझा आक्षेप नाही. पण त्यांच्या सुरुवातीच्या मॉडेलांत सुई हाताने ठेवावी-उचलावी लागते, बऱ्याच वेळा प्रीअ‍ॅम्प वेगळा घ्यावा लागतो, आणि स्पीकरला पैसे उरत नाहीत.

प्रीअ‍ॅम्पचं जरा समजून घ्या, कारण घरी आणल्यावर पहिली अडचण इथेच येते. रेकॉर्डच्या खाचेत मंद्र स्वर मुद्दाम बारीक करून आणि तार स्वर मुद्दाम मोठे करून कोरलेले असतात. मंद्र स्वर पूर्ण ताकदीने कोरले तर खाच इतकी रुंद नागमोडी होईल की एलपीच्या एका बाजूत वीस-बावीस मिनिटं मावणारच नाहीत. तार स्वर वाढवून कोरले की वाजवताना पृष्ठभागाची खरखर दबते. किती वाढवायचं आणि किती कमी करायचं, याचं आरआयएए नावाचं प्रमाण १९५४ मध्ये ठरलं आणि पुढे सगळीकडे रुळलं. वाजवताना ते सगळं उलटं करून मूळ तोलावर आणावं लागतं. शिवाय कार्ट्रिजमधून येणारा आवाज अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो, तो वाढवावा लागतो. ही दोन्ही कामं फोनो प्रीअ‍ॅम्प करतो. वर सांगितलेल्या दोन्ही टर्नटेबलांत तो आतच आहे आणि त्यासाठी ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असं बटण दिलेलं आहे. तुम्ही साध्या स्पीकरला जोडणार, म्हणून ते ‘लाइन’वर ठेवा. ‘फोनो’वर राहिलं तर आवाज किडकिडीत आणि पत्र्यासारखा येईल. उलट, एखाद्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या फोनो सॉकेटमध्ये वायर घातली आणि बटण ‘लाइन’वर राहिलं तर आवाज फाटेल. यंत्र बिघडलं म्हणून परत पाठवण्याआधी हे बटण पाहा.

स्पीकरसाठी एडिफायर आर१२८०टी. अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या आतच आहे, त्यामुळे तिसरं खोकं लागत नाही. ४ इंची वूफर, एकूण ४२ वॉट, मागे वायर जोडायच्या दोन जागा, बाजूला बेस-ट्रेबल-आवाजाची तीन बटणं. दहा-बारा फुटांच्या खोलीला ४२ वॉट भरपूर झाले. तुमच्या संग्रहात गळा, पेटी, तबला, तंबोरा, सारंगी यांचंच राज्य आहे आणि हा स्पीकर गळ्याच्या पट्टीत स्वच्छ बोलतो. दुकानदार सबवूफर, म्हणजे नुसत्या खर्जासाठीचा वेगळा स्पीकर, घ्या म्हणेल. घेऊ नका. डग्ग्याची घुमक त्याने थोडी वाढेल, पण टर्नटेबलची आणि वाकलेल्या रेकॉर्डची घरघर त्याहून जास्त वाढेल. भाव दुकानागणिक आणि सणागणिक हलतात, तरी हे टर्नटेबल आणि ही स्पीकरची जोडी मिळून तुमच्या ३५ हजारांत बसायला हरकत नाही. मुंबईला येणं होत असेल तर माहीमच्या रिव्हॉल्व्हर क्लबसारख्या रेकॉर्डच्या दुकानात जाऊन यंत्र डोळ्यांनी पाहा, कानांनी ऐका आणि मग ठरवा. जाताना घरची एक चांगली एलपी बरोबर न्या. अनोळखी रेकॉर्डवरून स्पीकर पारखता येत नाही, वडिलांच्या आवडत्या गायकाचा आवाज तुमच्या कानात बसलेला आहे, तो तिथे ओळखीचा वाटतो का ते बघा.

घरातला ब्लूटूथ स्पीकर चालेल का? एलपी६०एक्सची ब्लूटूथवाली आवृत्ती मिळते, सोनीच्या मॉडेलमध्येही ती सोय आहे, तेव्हा जुळेल. पहिले एक-दोन महिने स्पीकरचे पैसे मागे ठेवायचे असतील तर असं करा. एक गोष्ट तुमच्या पथ्यावर पडेल: जुन्या भारतीय एलपी बऱ्याच मोनो आहेत, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो. एचएमव्हीच्या रेकॉर्डवर क्रमांकाआधी ‘ईसीएलपी’ किंवा ‘ईएएलपी’ अशी इंग्रजी अक्षरं असतील तर ती मोनो. ‘ईसीएसडी’, ‘ईएएसडी’ असतील तर स्टीरिओ. मोनो रेकॉर्ड एका स्पीकरवर ऐकण्यात काही गमावत नाही. तरीही शेवटी वायरच्या दोन स्पीकरवर या. पुस्तकाएवढ्या डब्यातून मैफल उभी राहत नाही.

आता तुम्ही न विचारलेली, पण या घरात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ट्रंक माडीवर आहे म्हणता. जुन्या घराची माडी लाकडी तक्त्यांची असेल तर चालताना जमीन हलते आणि ती थरथर प्रत्येक पावलाला सुईपर्यंत जाते. टर्नटेबल टीपॉयवर किंवा कपाटावर ठेवू नका. भिंतीत ब्रॅकेट ठोकून जाड फळी बसवा आणि त्यावर फक्त टर्नटेबल. गवंड्याची पाणसळ थाळीवर ठेवून दोन्ही दिशांनी पातळी बघा. स्पीकर त्या फळीवर अजिबात नकोत. ते दुसऱ्या टेबलावर, बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे, एकमेकांपासून पाच-सहा फुटांवर आणि आईच्या खुर्चीकडे थोडे वळवून. ही फळी कोणत्याही महागड्या कार्ट्रिजपेक्षा जास्त फरक पाडते.

पुरात भिजलेल्या रेकॉर्डबद्दल मी थोडं सविस्तर लिहिते, कारण त्या तुम्ही मनातून सोडून दिल्या असाव्यात असं पत्रावरून वाटलं. सोडू नका. व्हिनाइलला पाण्याने काही होत नाही. नुकसान करतो तो गाळ. कृष्णेचा बारीक गाळ खाचेत वाळून बसलेला असतो आणि त्यावरून हिऱ्याची सुई फिरली की खाच आणि सुई दोन्ही झिजतात. म्हणून धुतल्याशिवाय एकही भिजलेली रेकॉर्ड लावायची नाही. कव्हर चिकटलं असेल तर ओढू नका. कव्हर ओलं करा, सुटेल तेवढं सुटू द्या, कव्हर गेलं तरी चालेल. आधी वाहत्या पाण्याखाली गाळ सुटू द्या, लेबलावर हात धरून. घासू नका. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून, मऊ मायक्रोफायबरच्या फडक्याने खाचांच्या दिशेने गोल पुसा, आडवं कधीच नाही. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून घ्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं तेच पाणी, नवा सीलबंद डबा. सावलीत उभी ठेवून वाळवा, उन्हात नाही. उन्हात एलपी पापडासारखी वाकते. बुरशीचे पांढरे ठिपकेही याच धुण्याने बहुतेक जातात. जुनी ओली आतली पाकिटं फेकून द्या आणि नवी कागदी पाकिटं आणा, नाहीतर बुरशी परत येईल.

लाखेच्या रेकॉर्डला मात्र वेगळा न्याय. तिला पाण्यात भिजत घालायचं नाही, फक्त ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडी करायची. आणि स्पिरिट, सॅनिटायझर, बाजारातलं अल्कोहोल असलेलं क्लीनर यांतलं काहीही तिला लावायचं नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणजे खाचेबरोबर गाणंही जातं. सगळ्या रेकॉर्ड उभ्या ठेवा, आडव्या थप्पीने नाही, आणि यापुढे ट्रंकेत नकोत. माडीवरच्या हवेशीर कपाटात ठेवा.

मग त्या ७८ च्या ढिगाचं काय? ३५ हजारांत एलपी, स्पीकर आणि ७८ हे तिन्ही नीट बसत नाहीत, हे मी तुम्हाला गोड शब्दांत झाकून सांगणार नाही. ऑडिओ-टेक्निकाच्याच एटी-एलपी१२०एक्सयूएसबी या टर्नटेबलला ७८ चा वेग आहे, आर्मचं वजन बदलता येतं आणि त्याच्या व्हीएम९५ कार्ट्रिजला खास लाखेच्या रेकॉर्डची जाड सुई मिळते. एलपी लावताना एक सुई, ७८ लावताना दुसरी, आणि प्रत्येक वेळी दाब नव्याने लावायचा. यंत्र गुणी आहे, पण त्याची किंमत जवळजवळ तुमचं सगळं बजेट खाईल. शिवाय ते ऑटोमॅटिक नाही, आईला एकटीला ते जमणार नाही. लाखेच्या ढिगात चाळीस-पन्नास रेकॉर्ड निघाल्या आणि त्या तुम्हाला स्वतःला वाजवायच्या असतील, तर स्पीकर पुढच्या वर्षावर ढकलून हे घ्यावं. दहा-बाराच असतील तर नको. जाणत्या माणसाकडून त्यांचं ध्वनिमुद्रण करून घ्या. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून याच वेडाच्या माणसांना एकत्र आणते आहे. जुन्या नाट्यपदांच्या, हिराबाई बडोदेकर आणि बालगंधर्वांच्या काळच्या रेकॉर्ड हाताळलेले लोक तिथे भेटतात. तुमच्या रेकॉर्डच्या लेबलांचे फोटो काढून यादी करा, दोन्ही बाजूंचे क्रमांक लिहा. एखादी दुर्मीळ असेल तर तेच तुम्हाला सांगतील. आणि घरात कुणाकडे जुना चावीचा ग्रामोफोन असेल तर हौसेने त्यावर एलपी लावू नका. त्याच्या साउंडबॉक्सचं वजन १०० ग्रॅमच्या वर असतं आणि सुई पोलादाची. एका फेरीत एलपी संपते.

मुलाच्या बोलण्यात तथ्य आहे. मोबाइलवर गाणं स्वच्छ येतं, खरखर नाही, धुणं-पुसणं नाही. आवाजाच्या मोजमापात व्हिनाइल वरचढ असतं असं मी म्हणणार नाही. पण यादी करताना त्यालाच शेजारी बसवा आणि प्रत्येक रेकॉर्ड मोबाइलवर शोधायला लावा. चित्रपटगीतं सगळी सापडतील. नाट्यपदांत आणि जुन्या ख्यालांत तो अडखळेल. तेच गाणं मिळेल, पण दुसऱ्या वर्षाचं, दुसऱ्या मैफलीतलं, दुसऱ्या साथीदारांबरोबरचं. तुमच्या वडिलांनी ऐकलेलं ते नव्हे. न सापडलेल्या रेकॉर्डवर पेन्सिलने खूण करा. धुवायला सुरुवात त्यांच्यापासून करा.

एलपी६०एक्स मागवताना त्याची एटीएन३६००एल ही जादा सुईही त्याच वेळी घेऊन ठेवा. ती काही शे तासांनी बदलावी लागते. रोज एक एलपी ऐकली तर वर्ष-दीड वर्षाने ‘स’ आणि ‘श’ फाटायला लागतात, तीच खूण. सांगलीत ती ऐन वेळी मिळेलच असं नाही.